कोणतं काम लूपला घ्यायचं? प्लॅनर वापरण्याची कृती

गार्डन रीच हे नाव नागपूर-गोंदियाकडच्या जुन्या रेल्वे कुटुंबांना परकं नाही. कलकत्त्याच्या या नदीकाठच्या भागात बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्यालय होतं. १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, तिचंही मुख्यालय तिथेच राहिलं. २००३ मध्ये नागपूर विभाग बिलासपूरच्या नव्या झोनकडे जाईपर्यंत आमच्याकडच्या मोठ्या फायली शेवटी गार्डन रीचलाच पोचायच्या. आता खरगपूर, चक्रधरपूर, आद्रा आणि रांची हे चार विभाग इथून चालतात. कोळसा, लोहखनिज आणि पोलाद वाहणारा हा झोन देशातल्या सर्वांत गजबजलेल्या झोनांपैकी एक.

प्लॅनर कसा वापरावा हे मला इथल्या कंट्रोल चार्टाने शिकवलं. चार्टावर एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा जिथे छेदतात, तिथे कंट्रोलरला, म्हणजे गाड्यांची चाल ठरवणाऱ्याला, आधीच ठरवावं लागतं: कोणती गाडी थांबवायची, कोणत्या स्टेशनात आणि किती वेळ. मार्गावर जास्तीत जास्त गाड्या कोंबल्या म्हणून कोणी त्याचं कौतुक करत नाही. थांबणारी गाडी योग्य जागी थांबली आणि वेळेवर सुटली की त्याचं काम झालं.

घरी आपण प्लॅनर नेमका उलटा वापरतो. रिकामी जागा दिसली की तिथे एक काम लिहितो. त्यामुळे बुधवारच्या पानावर अकरा कामं होतात. त्यातली चार होतात, सात गुरुवारवर ढकलली जातात, आणि कोणती चार झाली हे मोबाईलवर कोणाचा फोन आधी आला यावर ठरतं. ज्याच्या आयुष्यात खरोखर खूप कामं आहेत त्याला आणखी कामं बसवायची युक्ती नको असते. कोणतं काम थांबेल हे शांत डोक्याने आणि लेखी ठरवण्याची जागा त्याला हवी असते. पुढची कृती त्यासाठी आहे.

साहित्य फार नाही. समोरासमोरच्या दोन पानांवर पूर्ण आठवडा दिसेल असा प्लॅनर, पेन्सिल, खोडरबर, एक लाल पेन आणि एक साधी शंभर पानी वही. भिंतीवर कालनिर्णय असेलच. रविवारी अर्धा तास आणि रोज रात्री पाच मिनिटं वेळ लागेल. मोबाईलमधला प्लॅनरही चालतो. पण पहिले दोन-तीन महिने कागदच घ्या, कारण कागदावर जागा संपते आणि ती संपलेली डोळ्यांना दिसते.

पहिली पायरी: सगळी कामं यार्डात

मालगाडी तयार झाली म्हणून लगेच मेन लाईनवर येत नाही, ती यार्डात उभी असते. शंभर पानी वही म्हणजे आपलं यार्ड. डोक्यात घोळणारं प्रत्येक काम आधी या वहीत जाईल, प्लॅनरमध्ये थेट काहीही लिहायचं नाही. हा नियम कडक पाळा.

प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा: या कामासाठी कोण खोळंबलंय, आणि आठवडाभर ते केलं नाही तर काय होईल. दुसऱ्या प्रश्नाला बऱ्याच कामांपुढे ‘काही नाही’ असं उत्तर येईल. ते प्रामाणिकपणे लिहा.

मोठं काम एका ओळीत लिहू नका. याच गार्डन रीचला युद्धनौका बांधणारा कारखाना आहे. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका, आयएनएस अजय, १९६१ मध्ये इथूनच नौदलाला मिळाली. अलीकडची आयएनएस हिमगिरी डिसेंबर २०२० मध्ये हुगळीच्या पाण्यात उतरली आणि नौदलात दाखल झाली ऑगस्ट २०२५ मध्ये. समारंभ पाण्यात उतरण्याचा होतो, पण त्यानंतरही जवळजवळ पाच वर्षांचं काम उरलेलं असतं. म्हणून वहीत ‘आईचं डोळ्यांचं ऑपरेशन’ असं लिहून भागत नाही. ‘डॉक्टरांकडून तारीख घेणे’, ‘रक्ताच्या तपासण्या’, ‘नागपूरचं तिकीट’, ‘रजेचा अर्ज’ अशा वेगवेगळ्या ओळी करा. प्रत्येक ओळ अशी हवी की एका बैठकीत उरकेल.

दुसरी पायरी: भरतीच्या वेळा लाल पेनाने

गार्डन रीच परिसरातल्या खिदिरपूरच्या आणि नेताजी सुभाष गोदीत जहाज आत घ्यायचं तर नदीची भरती पाहावी लागते. कितीही मोठी कंपनी असो, भरती तिच्यासाठी थांबत नाही. भरतीची कोष्टकं आधीच छापलेली असतात आणि बाकीचं वेळापत्रक त्याभोवती लागतं.

आठवड्याच्या पानावर आधी फक्त अशा वेळा लाल पेनाने लिहा: ऑफिस, मुलाची परीक्षा, दवाखान्याची दिलेली वेळ, गाडी सुटण्याची वेळ. कसोटी एकच. एक फोन करून ही वेळ बदलता येते का? येत असेल तर ती लाल नाही. पार्लरची वेळ, मावशींकडचा चहा, सोसायटीची मीटिंग यातलं बहुतेक पेन्सिलीचं निघतं. लाल नोंदी जितक्या कमी, तितकं पुढचं काम सोपं.

तिसरी पायरी: ब्लॉक

मुंबईच्या वाचकाला ब्लॉक समजावून सांगायला नको, रविवारचा मेगाब्लॉक त्याने अंगावर काढलेला असतो. चिडचिड होते, पण रूळ, खडी, सिग्नल आणि ओव्हरहेड वायर तपासायला रिकामी लाईन लागतेच. म्हणून रेल्वे वेळापत्रक बनवतानाच देखभालीसाठी काही तास मोकळे ठेवते. त्याला कॉरिडॉर ब्लॉक म्हणतात. ब्लॉक सतत नाकारला तर रूळ खराब होतो, मग त्या तुकड्यावर कॉशन ऑर्डर लागते, आणि तिथून जाणारी प्रत्येक गाडी, मग ती राजधानी का असेना, वेग कमी करून जाते. एका गाडीसाठी वाचवलेले दोन तास पुढे शंभर गाड्या फेडतात.

आपल्या शरीराचं आणि घराचं तसंच आहे. लाल वेळांनंतर, इतर कोणतंही काम लिहिण्याआधी, ब्लॉक आखा. झोपेची वेळ, चालायला जाण्याची वेळ, आणि आठवड्यातून एकदा घरचे हिशेब व कागदपत्रं आवरण्याचा तास. पेन्सिलीने चौकोन आखून आत तिरक्या रेघा मारा, म्हणजे ती जागा मोकळी दिसणार नाही. ब्लॉक हलवायची वेळ आली तर हलवा, पण त्याच आठवड्यात दुसरीकडे लावा. रद्द करू नका.

चौथी पायरी: क्षमता मोजणे

या पायरीवर घाई करू नका.

एकेरी मार्गावर दिवसाला किती गाड्या चालतील, हे काढायला रेल्वेत स्कॉटचं सूत्र वापरतात. दिवसाची १४४० मिनिटं घ्यायची. सर्वांत अडचणीच्या टप्प्यातून सर्वांत हळू मालगाडीला लागणारा वेळ घ्यायचा. त्यात एका गाडीनंतर दुसरी सोडण्यासाठी ब्लॉक यंत्रणेला लागणारी मिनिटं मिळवायची. या बेरजेने १४४० ला भागायचं आणि येणाऱ्या आकड्याला ०.७ ने गुणायचं. समजा मालगाडीला १९ मिनिटं लागतात आणि मधली ५, म्हणजे २४. भागाकार ६०. पण रेल्वे ६० गाड्या धरत नाही, ४२ धरते. उरलेले तीस टक्के म्हणजे बंद पडलेलं इंजिन, धुकं, ओढलेली साखळी, फाटकावर अडकलेला ट्रक.

या सूत्रातल्या तिन्ही गोष्टी प्लॅनरला लागू करा.

पहिली, हिशेब सर्वांत हळू गाडीचा करायचा. तिकीट काढायला एकदा दहा मिनिटं लागली होती म्हणून दहा धरू नका. साईट अडली तेव्हा पाऊण तास गेला होता, तो धरा. दुसरी, दोन कामांमधली मिनिटं मोजायची. चष्मा शोधणं, पासबुक काढणं, स्वयंपाकघरातून टेबलाशी येऊन डोकं जागेवर आणणं याला वेळ लागतो, तो कुणाच्याच प्लॅनरमध्ये लिहिलेला नसतो. तिसरी, ०.७. लाल वेळा आणि ब्लॉक वगळून आठवड्यात वीस तास उरत असतील, तर कामं चौदा तासांचीच लिहा.

गार्डन रीचला राहणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. खिदिरपूरकडे जाताना गोदीवरचा बास्क्युल पूल आहे. जहाज जायचं असलं की तो वर उचलला जातो आणि रस्त्यावरची सगळी वाहनं उभी राहतात. तुमची मीटिंग कितीही महत्त्वाची असो. वीसपैकी उरलेले सहा तास हे असे पूल उचलले जाण्यासाठी आहेत. एखाद्या आठवड्यात पूल उचललाच गेला नाही तर विश्रांती घ्या, वहीतून नवीन काम काढू नका.

पाचवी पायरी: मानाचा क्रम

कोणती गाडी आधी सोडायची यावर कंट्रोलर रात्री दोन वाजता वाद घालत बसत नाही. क्रम आधीच छापलेला आहे. अपघाताच्या जागेकडे निघालेली मदत गाडी सर्वांच्या पुढे. मग खास गाड्या, मेल-एक्स्प्रेस, पॅसेंजर, मालगाड्या असा साधारण उतरता क्रम. मदत गाडीचा पहिला मान अपघाताकडे जातानाचा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काम तेच, गाडी तीच, पण निकड दिशेवर ठरते. आईला दवाखान्यात नेणं सर्वांच्या आधी. त्याच दवाखान्याच्या बिलाची परतफेड मागणारा अर्ज मात्र आपल्या नंबरावर येईल.

प्लॅनरच्या पहिल्या पानावर आपला मानाचा क्रम लिहून काढा, वर्षातून एकदा, निवांत बसून. पाचच्या वर वर्ग नकोत. नमुना म्हणून हा घ्या: कोणाच्या जिवाचं किंवा सुरक्षेचं काम पहिलं. माझ्यामुळे दुसऱ्याचं अडलेलं आणि मुदत असलेलं काम दुसरं. माझं लांब पल्ल्याचं काम तिसरं. घर चालू ठेवणारी कामं चौथी. बाकी सगळं पाचवं. ज्याच्या फोनचा आवाज मोठा, असा कोणताही वर्ग या यादीत नसतो.

तिसऱ्या वर्गाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथेच लोकांचं मन तुटतं. भारतीय रेल्वेची बरीचशी कमाई मालवाहतुकीतून होते. तरीही मालगाडी प्रत्येक प्रवासी गाडीला वाट देत लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभी राहते, आणि तिची दिवसाची चाल अगदी मंद होते. आपल्या आयुष्यातली लांब पल्ल्याची कामं अशीच असतात: डिपार्टमेंटल परीक्षेचा अभ्यास, अर्धवट राहिलेला प्रबंध, बंगाली शिकणं, गुडघ्याचा व्यायाम. आज केलं नाही तर काही बिघडत नाही, म्हणून रोज थांबतात. क्रमात वर चढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण वर कितीही चढवलं तरी पुढे कोणीतरी एक्स्प्रेस असतेच. रेल्वेने शेवटी मालगाड्यांसाठी वेगळे रूळच टाकले. दादरीहून आपल्या न्हावाशेव्याच्या बंदराकडे येणारा पश्चिम मार्ग १,५०६ किलोमीटरचा, आणि लुधियाना ते सोननगर हा पूर्व मार्ग १,३३७ किलोमीटरचा. त्या रुळांवर मालगाडीला प्रवासी गाड्यांसाठी बाजूला व्हावं लागत नाही.

तुमच्या एका लांब पल्ल्याच्या कामाला अशीच स्वतःची लाईन द्या. सकाळी सहा ते पावणेसात, आठवड्यातून चार दिवस, फोन दुसऱ्या खोलीत. कामं दोन असली तरी लाईन एकाच कामाची. दुसऱ्याने पहिलं पूर्ण होईपर्यंत यार्डात थांबायचं. हा निर्णय जड जातो आणि तो घ्यावाच लागतो.

सहावी पायरी: लूपला घेणे

रविवारी सकाळी अर्धा तास बसा. यार्डाची वही उजवीकडे, प्लॅनर समोर. पहिल्या पानावरच्या क्रमाप्रमाणे वहीतली कामं उचला. रोज एक मेन लाईनचं, म्हणजे दिवसाचं मुख्य काम, आणि जागा असेल तर आणखी दोन लहान. चौदा तास भरले की पेन्सिल खाली ठेवा.

आता खरं काम सुरू होतं. जी कामं या आठवड्यात घ्यावीशी वाटत होती पण बसली नाहीत, त्यातली जास्तीत जास्त पाच प्लॅनरच्या कडेला ‘लूप’ असं लिहून त्याखाली मांडा. प्रत्येकापुढे सुटण्याची तारीख किंवा अट लिहा: ‘पगार झाल्यावर’, ‘परीक्षा संपली की’, ‘१२ तारखेनंतर’. तारीख नसलेलं काम लूपला घ्यायचं नाही, ते यार्डात परत जाईल. स्टेशनात लूप लाईन मोजक्याच असतात, सगळ्या भरल्या की मागच्या स्टेशनातून आणखी गाडी बोलावता येत नाही. तुमच्या पाच जागा भरल्या असतील तर सहाव्या कामाला ‘नाही’ म्हणायचं.

जे काम थांबवलं, त्याची वाट पाहणाऱ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. ‘बघते’, ‘करू या’, ‘वेळ मिळाला की’ हे शब्द टाळा. समजा कलकत्त्यात हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातल्या गणपतीची तयारी चालू आहे आणि वहिनींनी दोन कामं सोपवली आहेत. त्यांना म्हणा, “वहिनी, एका दिवसाचा नैवेद्य माझ्याकडे. वर्गणीची यादी मात्र यंदा मला जमणार नाही, मुलाची चाचणी आहे. आजच सांगते, म्हणजे तुम्हाला दुसरं कुणी शोधता येईल.” नागपूरहून भाऊ घराच्या कागदपत्रांसाठी घाई करत असेल तर, “दादा, पंधरा तारखेला पाठवते. तोवर आठवण करू नकोस, लिहून ठेवलंय.” आणि पंधरा तारखेला पाठवा. दोनदा असं झालं की दादा आठवण करणं थांबवेल.

सातवी पायरी: रात्रीची रेघ

कंट्रोलर पुढच्या काही तासांचा अंदाज चार्टावर आधी आखतो. मग गाडी प्रत्यक्षात जशी धावते तशी खरी रेघ येते, आणि उशीर झाला तर त्याचं कारण नोंदलं जातं. आता हे संगणकावर होतं, पण रीत तीच.

रात्री पाच मिनिटं घ्या. झालेल्या कामापुढे प्रत्यक्ष लागलेला वेळ, न झालेल्यापुढे एका शब्दात कारण. एखादा बुधवार असा दिसेल:

तिकीट, नागपूर. अंदाज ३० मिनिटं, लागली ५०. साईट.
मुलाचं गणित. अंदाज १ तास, लागला १ तास.
रजेचा अर्ज. झाला नाही. पाहुणे.

‘आळस’ हे कारण लिहायला मनाई आहे, त्यातून पुढे काही करता येत नाही. थकवा असेल तर थकवा लिहा, वेळ चुकीची निवडली असेल तर वेळ लिहा. महिन्याच्या शेवटी ही कारणं एकाखाली एक वाचा. ‘थकवा’ नेहमी रात्री साडेनऊनंतरच्या कामांपुढे दिसला, तर तिथे डोक्याची कामं लिहिणं बंद करा. ‘फोन’ एकाच माणसाचा असेल, तर त्या माणसासाठी आठवड्यात एक ठरलेली वेळ ठेवा.

आठवी पायरी: गाड्या विस्कळीत झाल्या तर

ताप येतो, मुसळधार पावसात रस्ते तुंबतात, ऑफिसात तपासणी लागते. अशा वेळी आपण सगळी कामं एकेक दिवस पुढे सरकवतो आणि पुढचा आठवडाही बिघडवतो. रेल्वेकडे यासाठी निदान चार उपाय असतात. गाडी रद्द करणं, मधल्याच स्टेशनावर संपवणं, मार्ग बदलणं, वेळ बदलणं. त्याच क्रमाने स्वतःला विचारा. हे काम सरळ रद्द केलं तर? अर्धंच केलं तर, म्हणजे चार भाज्यांऐवजी वरण-भात? दुसऱ्या कोणी केलं तर? या तिन्हीला ‘नाही’ उत्तर आलं तरच पुढची तारीख लिहा, आणि तीही आठवड्यातल्या मोकळ्या तीस टक्क्यांत.

विस्कळीत आठवड्यातही ब्लॉक आणि लांब पल्ल्याची लाईन शेवटी तोडायची. सर्वसाधारणपणे माणसं तीच आधी तोडतात.

नववी पायरी: यार्ड रिकामं करणे

तीन महिन्यांनी शंभर पानी वही पहिल्या पानापासून वाचा. तीन महिने जे काम एकदाही प्लॅनरमध्ये गेलं नाही आणि ज्यासाठी कोणी खोळंबलेलं नाही, त्यावर सरळ रेघ मारा. जुने डबेही रेल्वे सेवेतून काढून टाकते. उभा डबाही रुळाची जागा अडवतो. उरलेली कामं नव्या वहीत हाताने लिहून घ्या. हाताने लिहिताना जे काम लिहायचा कंटाळा येईल, त्यापुढे पहिल्या पायरीतला दुसरा प्रश्न पुन्हा विचारा. मग रविवारच्या बैठकीला नव्या वहीपासून सुरुवात करा.